धूसर छायाचित्र आणि शाळेची आठवण : इंडोनेशियातील तरुणांची एक दृश्यभाषा

घटक ४

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणास,

• ‘लो-फाय’ छायाचित्र म्हणजे काय आणि इंडोनेशियातील शालेय स्मरणरंजनाशी त्याचा संबंध कसा आहे, हे सांगता येईल.
• निर्देशक चिन्ह आणि प्रतीक यांतील फरक उदाहरणांनी स्पष्ट करता येईल.
• गणवेश, रंग आणि तांत्रिक दोष यांना सांस्कृतिक अर्थ कसा प्राप्त होतो, याचे विवेचन करता येईल.
• स्मरणरंजनात काय राखले जाते आणि काय गाळले जाते, याचा चिकित्सक विचार करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भाषेतील शब्द हे चिन्ह असते आणि त्याचा अर्थ समाजाच्या रूढीने ठरतो, हे आपण मागील घटकात पाहिले. या घटकात तोच विचार दृश्य चिन्हांना लावून पाहावयाचा आहे. त्यासाठी इंडोनेशियातील तरुणांमध्ये रुळलेल्या एका छायाचित्रण-शैलीचे उदाहरण घेतले आहे. ओळखीच्या गोष्टींतील चिन्हे आपल्या नजरेतून सहज निसटतात. दूरच्या समाजातील चिन्हे मात्र थांबून वाचावी लागतात. हे उदाहरण निवडण्याचे कारण हेच.

प्रथम एक चित्र डोळ्यांसमोर आणा. वर्गाची मागची भिंत. ट्यूबलाइटचा किंचित हिरवट उजेड. एका बाकाभोवती पाच-सहा मुले-मुली दाटीने उभी आहेत. फ्लॅशचा झोत थेट अंगावर आल्यामुळे त्यांचे पांढरे सदरे एकमेकांत मिसळून गेले आहेत. मागचा वर्ग अंधारात बुडाला आहे. कोणाचा तरी हात हलल्यामुळे पुसट उमटला आहे. खालच्या कोपऱ्यात नारिंगी अंकांत तारीख आहे. चेहरे हसरे आहेत, एवढे कळते. ते कोणाचे आहेत, हे मात्र कळत नाही.

असे छायाचित्र दोन प्रकारे तयार झालेले असू शकते. एक तर ते खरोखरच वीस वर्षांपूर्वीचे असेल. किंवा ते काल काढलेले असून जुना कॅमेरा अथवा मोबाइलमधील ॲप वापरून मुद्दाम तसे केलेले असेल. खिशातला मोबाइल पापणीचा केसही टिपू शकत असताना एखादी सतरा वर्षांची मुलगी आपल्या मैत्रिणींचे छायाचित्र जाणूनबुजून धूसर का करते? या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न हा आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ काही शब्दांची ओळख

‘लो-फाय’ हा शब्द ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रातून आला. मूळ आवाजाशी अधिकाधिक इमान राखणारे मुद्रण ते ‘हाय-फाय’. खरखर, घुसमट, सुसाट वारा यांसह आलेले मुद्रण ते ‘लो-फाय’. छायाचित्रणात हा शब्द कमी तपशिलाच्या, दाणेदार, रंग बिघडलेल्या चित्रांसाठी वापरतात.

‘नॉस्टाल्जिया’ हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाने १६८८ मध्ये बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घडवला. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने घरापासून दूर असणाऱ्यांच्या आजाराला हे नाव दिले. मराठीत आपण त्यासाठी ‘स्मरणरंजन’ म्हणतो. दोन शब्दांतील फरक ध्यानात घ्या. ग्रीक घडणीच्या शब्दात वेदना आहे. मराठी शब्दात रंजन आहे. आठवणीची ही दोन अंगे आहेत आणि एकाच शब्दात ती दोन्ही मावत नाहीत.

इंडोनेशियन भाषेत आठवणीला ‘केनांगान’ म्हणतात. एखाद्याची ओढ लागणे यासाठी ‘रिंदू’ हा मलय शब्द आहे आणि बोलण्यात जावानीज भाषेतून आलेला ‘कांगेन’ हा शब्द सहज वापरला जातो. जुन्या काळच्या वस्तूला तरुण ‘जादुल’ म्हणतात. ‘जामान दुलू’, म्हणजे पूर्वीचा जमाना, या दोन शब्दांची आद्याक्षरे व अवयव जोडून हा शब्द झाला. इंटरनेट सेवा देणाऱ्या दुकानाला, ‘वारुंग इंटरनेट’ला, ‘वारनेत’ म्हणणे हे अशाच घडणीचे उदाहरण होय.

शाळेला इंडोनेशियन शब्द ‘सेकोलाह’. तो पोर्तुगीज ‘इश्कोला’वरून आला. त्याच पोर्तुगीज शब्दावरून गोव्याच्या कोकणीत ‘इस्कोल’ आला. विद्यार्थी या अर्थाच्या ‘सिस्वा’ शब्दामागे संस्कृत ‘शिष्य’ आहे, तर काळ या अर्थाच्या ‘मासा’ शब्दामागे संस्कृत ‘मास’ आहे. महिन्याचा अर्थ विस्तारून कालखंड असा झाला. म्हणजे शाळेच्या दिवसांविषयी बोलताना इंडोनेशियन माणूस जे शब्द वापरतो, त्यांतले काही आपल्या किनाऱ्यालाही लागलेले आहेत.

४.३.२ गणवेश : देशभराचे एक चिन्ह

इंडोनेशियात शालेय गणवेशाचे रंग राष्ट्रीय पातळीवर ठरलेले आहेत. प्राथमिक शाळेत पांढरा आणि लाल, निम्न माध्यमिक शाळेत पांढरा आणि गडद निळा, उच्च माध्यमिक शाळेत पांढरा आणि राखाडी. सुहार्तो यांच्या राजवटीत १९८२ मध्ये निघालेल्या आदेशाने ही व्यवस्था पक्की झाली. आठवड्यातील काही दिवस बालवीर पथकाचा तपकिरी पोशाख किंवा बातिकचा सदरा असतो. तरीही पांढरा-राखाडी हीच उच्च माध्यमिक विद्यार्थ्याची मुख्य ओळख.

राखाडी रंगाला इंडोनेशियन शब्द आहे ‘अबू-अबू’. ‘अबू’ म्हणजे राख. शब्दाची द्विरुक्ती केली की रंग. मराठीतही ‘राख’ या शब्दावरूनच ‘राखाडी’ झाला आहे. दोन असंबद्ध भाषाकुळांनी रंगाला नाव देताना एकाच चुलीकडे पाहिले. ‘पुतिह अबू-अबू’, म्हणजे पांढरे-राखाडी, हे शब्द आता केवळ कापडाचे वर्णन करीत नाहीत. ‘मासा पुतिह अबू-अबू’ म्हणजे पांढऱ्या-राखाडीचा काळ, अर्थात सोळा ते अठरा या वयातील शाळेचे दिवस. कपड्यावरून आयुष्याच्या एका टप्प्याला नाव मिळाले. अलंकारशास्त्राच्या भाषेत ही लक्षणा होय.

या एकसारखेपणाचा छायाचित्राशी थेट संबंध आहे. जेथे प्रत्येक शाळेचा गणवेश वेगळा असतो, तेथे जुने छायाचित्र प्रथम त्या शाळेचे असते. इंडोनेशियात सुमात्रातील वर्ग आणि सुलावेसीतील वर्ग छायाचित्रात जवळजवळ एकसारखा दिसतो. चेहरे धूसर झाले, शाळेचे नाव वाचता आले नाही, तरी रंग उरतात. आणि रंग उरले की पाहणाऱ्याला ते चित्र आपलेही वाटू शकते.

शिक्षण संपताना काही विद्यार्थी एकमेकांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर सह्या करतात, रंग फवारतात. या प्रथेला ‘चोरेत-चोरेत’ म्हणतात. हा शब्दही द्विरुक्त आहे आणि त्याचा अर्थ रेघोट्या मारणे असा आहे. शाळा व शिक्षणाधिकारी यास विरोध करतात. गणवेश गरजू मुलांना द्यावेत, असे आवाहन करतात. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्यासारखे आहे. परंतु चिन्हाच्या दृष्टीने पाहता, सर्वांसारखा असलेला सदरा शेवटच्या दिवशी एकट्याचा करून घेण्याची ही धडपड आहे.

४.३.३ दोषाची शैली कशी होते?

अमेरिकन विचारवंत चार्ल्स सँडर्स पर्स यांनी चिन्हांचे तीन प्रकार सांगितले. वस्तूशी साम्य असलेले ते प्रतिमा-चिन्ह; वस्तूशी कार्यकारणाने जोडलेले ते निर्देशक चिन्ह, जसा धूर अग्नीचा निर्देश करतो; आणि केवळ रूढीने अर्थ देणारे ते प्रतीक. छायाचित्र हे प्रतिमा आणि निर्देशक असे दोन्ही असते. समोरच्या वस्तूवरून आलेल्या प्रकाशानेच ते घडते. म्हणून ते वस्तूसारखे दिसते आणि ती वस्तू तेथे होती, याची खूणही ठरते.

आता छायाचित्रातील दोषांकडे पाहू. २००३ च्या सुमारास बाजारात आलेल्या नोकिया ६६०० या मोबाइलचा कॅमेरा ६४० गुणिले ४८० बिंदूंचे, म्हणजे एकूण ३,०७,२०० बिंदूंचे चित्र काढीत असे. आजच्या साध्या मोबाइलच्या चित्रातही याच्या अनेक पट बिंदू असतात. त्या काळच्या लहान संवेदकाला कमी उजेडात पुरेसा प्रकाश मिळत नसे, म्हणून चित्रात दाणे येत. कॅमेऱ्याचा फ्लॅश समोरून पडे, म्हणून जवळचे पांढरे आणि दूरचे काळे होई. पांढऱ्या सदऱ्यांच्या बाबतीत हा परिणाम अधिकच ठळक होतो. साठवणीची जागा वाचवण्यासाठी चित्र दाबून लहान केले जाई, त्यामुळे कडा फुटत. हे सारे निर्देशक चिन्ह होय. त्या दोषांना यंत्र कारणीभूत होते. तसे दिसावे अशी कोणाची इच्छा नव्हती.

यंत्रे सुधारली तेव्हा हे दोष नाहीसे झाले. दोष नाहीसे झाल्यावरच ते ‘त्या काळाची खूण’ म्हणून दिसू लागले. मग जुने डिजिटल कॅमेरे शोधून विकत घेणे सुरू झाले आणि ॲपमधील आज्ञावली तेच दाणे, तोच प्रकाशाचा ओरखडा, तीच नारिंगी तारीख चित्रावर उमटवू लागली. येथे दोष हा यंत्राच्या मर्यादेचा परिणाम उरला नाही. तो निवडलेला अर्थ झाला. निर्देशक चिन्हाचे प्रतीकात रूपांतर झाले.

भाषेतही हे घडते. ‘दौत’, ‘बोरू’ हे एके काळी रोजच्या वापरातील साधे शब्द होते. त्या वस्तू गेल्या आणि शब्दांना काळाचा गंध चिकटला. आज एखादा लेखक ‘बोरू’ लिहितो तेव्हा त्यास लेखणीबरोबर तो काळही सांगावयाचा असतो. कॅमेऱ्याचे दाणे हे दृश्यभाषेतील असेच आर्ष रूप समजावे.

आपली प्रगती तपासा – १

(अ) ‘मासा पुतिह अबू-अबू’ या शब्दप्रयोगाचा लक्ष्यार्थ सांगा.
(आ) नोकियाच्या चित्रातील दाणे आणि ॲपने उमटवलेले दाणे हे वेगवेगळ्या प्रकारचे चिन्ह का ठरतात?

४.३.४ न जगलेल्या काळाची ओढ

‘दिलान १९९०’ हा चित्रपट २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. पिदी बाइक यांच्या २०१४ मधील कादंबरीवर तो आधारलेला असून १९९० मधील बांडुंग शहरातल्या शाळकरी प्रेमाची ती कथा आहे. इंडोनेशियात ६० लाखांहून अधिक प्रेक्षकांनी तो चित्रपटगृहांत पाहिला. त्यांतील अनेक तरुण प्रेक्षकांचा १९९० मध्ये जन्मही झालेला नव्हता. मग ते कशाची आठवण काढीत होते?

मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी १९९६ च्या ‘मॉडर्निटी ॲट लार्ज’ या ग्रंथात ‘स्मृतीविना स्मरणरंजन’ ही कल्पना मांडली आहे. इंडोनेशियाच्या शेजारी असलेल्या फिलिपीन्समध्ये जुनी अमेरिकन गाणी किती आत्मीयतेने गायिली जातात, हे त्यांनी उदाहरण म्हणून घेतले. जे आपल्या वाट्याला कधी आलेच नाही, त्याचीही हुरहूर लागू शकते. चित्रपट, गाणी आणि छायाचित्रे ती हुरहूर पुरवतात.

इंडोनेशियन शालेय स्मरणरंजनात याहून एक निराळी छटाही आढळते. ती म्हणजे चालू क्षणाकडे भविष्यातून पाहणे. योग्यकार्ता येथील ‘शैला ऑन सेव्हन’ या वाद्यवृंदाच्या २००० मधील गीतसंग्रहाचे नाव ‘किसाह क्लासिक उंतुक मासा देपान’ असे आहे. त्याचा अर्थ ‘भविष्यकाळासाठी एक अभिजात कथा’. आज घडणारी गोष्ट उद्याची आठवण म्हणून आजच जपून ठेवावयाची, हा भाव या नावातच आहे. शाळेत असतानाच आपले छायाचित्र ‘जादुल’ करणारी मुलगी हेच करते. हे दिवस संपणार आहेत, हे तिला ठाऊक आहे. ती त्यांना आधीच आठवणीचा रंग देते.

ही घाई निराधार नाही. २००४ ते २००८ च्या दरम्यान शाळेत असलेल्या पिढीतील अनेकांनी आपली चित्रे ‘फ्रेंडस्टर’ या संकेतस्थळावर ठेवली होती. आग्नेय आशियात ते फार लोकप्रिय होते. २०११ मध्ये त्याचे स्वरूप बदलले आणि वापरकर्त्यांची जुनी छायाचित्रे काढून टाकण्यात आली. ज्यांनी ती वेळेत उतरवून घेतली नाहीत, त्यांच्या शाळेच्या दिवसांचा पुरावा गेला. पुढे २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, त्या वर्षीची राष्ट्रीय परीक्षा रद्द झाली आणि शेवटच्या वर्षातील मुलांना निरोपाचा दिवसही नेहमीसारखा मिळाला नाही. पांढऱ्या-राखाडीचा काळ आपोआप आठवण होत नाही, तो हरवूही शकतो, हे या दोन पिढ्यांनी अनुभवले आहे.

४.३.५ चौकटीबाहेरचे

येथवर आपण धूसरतेचे सामर्थ्य पाहिले. तपशील कमी झाला की चित्रात इतरांना शिरावयास जागा मिळते. आता दुसरी बाजू पाहू, कारण त्याच धूसरतेत काही वर्षे आणि काही माणसे दिसेनाशी होतात.

पहिले उदाहरण तारखेचे. ‘हुजी’ हे कोरियन ॲप जगभर वापरले गेले. त्यातून निघालेल्या चित्रावर सालाच्या जागी ‘९८’ हे अंक आपोआप उमटतात. फिल्मवरील जुन्या छायाचित्राचा भास व्हावा, एवढाच त्यामागील हेतू. पण इंडोनेशियात १९९८ हे साल निव्वळ सजावटीचे नाही. १२ मे १९९८ रोजी जाकार्तातील त्रिसाक्ती विद्यापीठात गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले. त्यानंतरच्या दिवसांत शहर पेटले आणि चिनी वंशाच्या नागरिकांवर भीषण हल्ले झाले. २१ मे रोजी सुहार्तो यांनी पद सोडले. ज्या अंकांनी मुलीच्या छायाचित्रात गोडवा येतो, तेच अंक तिच्या आईला बंद दारामागे काढलेल्या रात्रींची आठवण देऊ शकतात. चिन्ह तेच, अर्थ पाहणाऱ्याच्या आयुष्याप्रमाणे बदलतो. मुलीचा दोष नाही. परंतु आईने त्या अंकांविषयी काही सांगितले, तर ते ऐकून घेणे हे तिचे वाचन पूर्ण करणारे ठरेल.

दुसरे उदाहरण गणवेशाचे. १९८२ च्या नियमात हिजाबाला स्थान नव्हते. सरकारी शाळांत तो घालू इच्छिणाऱ्या मुलींवर १९८० च्या दशकात कारवाई झाली. काहींना शाळा सोडावी लागली. १९९१ च्या आदेशाने ही बंदी उठली. म्हणजे १९८५ च्या वर्गचित्रात एकाही मुलीने डोके झाकलेले दिसत नसेल, तर त्यावरून सर्वांची तशीच इच्छा होती, असे अनुमान काढता येत नाही. जिला वर्गाबाहेर काढले, ती छायाचित्रातही नाही. छायाचित्र ‘हे होते’ असे सांगते. ‘हे का नव्हते’ हे ते सांगत नाही.

तिसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. इंडोनेशियात ज्यांचे शालेय शिक्षण मध्येच सुटले, त्यांच्यासाठी समकक्ष शिक्षणाची व्यवस्था आहे. उच्च माध्यमिक पातळीच्या समकक्ष परीक्षेला ‘पाकेत सी’ म्हणतात. पुढे ‘उनिवर्सितास तेरबुका’ या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात घरी राहून पदवी घेता येते. या नावाचा अर्थच ‘खुले विद्यापीठ’. आपल्याकडे नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. कामावरून आल्यावर रात्री पाकेत सीची पुस्तके उघडणाऱ्या प्रौढ माणसाकडे प्रमाणपत्र येते, पण पांढऱ्या-राखाडीचा काळ येत नाही. बाकाभोवती दाटीने उभे राहिलेले त्याचे छायाचित्र कोठेच नसते.

एका संपर्कसत्रात मी अशी काही चित्रे दाखवीत असता मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, माझी शाळा आठवीत सुटली. माझ्याकडे शाळेतला एकही फोटो नाही. पण हे बघून मला भरून आलं, ते कशामुळे?” त्या वेळी मी ‘स्मृतीविना स्मरणरंजन’ ही संज्ञा फळ्यावर लिहिली आणि पुढे गेलो. नंतर वाटले, संज्ञा बरोबर होती, पण उत्तर अपुरे होते. तिची ओढ परक्या काळाविषयी नव्हती. जो काळ तिचा असावयास हवा होता आणि तिच्याकडून काढून घेतला गेला, त्याविषयी ती होती. हे रंजन नव्हे; होफरच्या शब्दात जी वेदना आहे, ती ही. चेहरे स्पष्ट असते, तर ते परक्या मुलांचे चित्र राहिले असते. ते धूसर होते, म्हणून तिला त्यात क्षणभर उभे राहता आले.

म्हणून या चित्रांचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळावीत. ‘ही केवळ तरुणांची हौस’ असे म्हणून ती झटकू नयेत. आणि ‘जुने ते सोने’ असे म्हणून त्यांत विरघळूनही जाऊ नये. चित्रात आपण कोठे उभे आहोत आणि आपल्या शेजारी कोण नाही, हे दोन्ही प्रश्न विचारावेत.

आपली प्रगती तपासा – २

(अ) ‘९८’ या अंकांचा अर्थ दोन पिढ्यांसाठी भिन्न का ठरतो?
(आ) १९८५ च्या वर्गचित्रावरून कोणते अनुमान काढणे चुकीचे ठरेल?

४.४ सारांश

इंडोनेशियातील तरुणांची लो-फाय शालेय छायाचित्रे ही एक दृश्यभाषा आहे. देशभर समान असलेला पांढरा-राखाडी गणवेश आणि चेहरे पुसणारी धूसरता यांमुळे एका वर्गाचे चित्र अनेकांचे होते. जुन्या यंत्रांचे दोष आरंभी निर्देशक चिन्ह होते. ते नाहीसे झाल्यावर हेतुपूर्वक निवडले गेले आणि प्रतीक बनले. या चित्रांतून भूतकाळाची, न जगलेल्या काळाची आणि संपत चाललेल्या वर्तमानाचीही ओढ व्यक्त होते. मात्र स्मरणरंजन निवड करते. १९९८ ची हिंसा, वर्गाबाहेर काढलेल्या मुली आणि ज्यांची शाळा सुटली ती माणसे या चौकटीत दिसत नाहीत. चिकित्सक वाचकाने चित्र आणि चौकट दोन्ही वाचली पाहिजेत.

४.५ पारिभाषिक शब्द

लो-फाय : मूळ वस्तूचा वा ध्वनीचा तपशील कमी राखणारे मुद्रण अथवा चित्रण.
निर्देशक चिन्ह : वस्तूशी कार्यकारणाने जोडलेले चिन्ह.
प्रतीक : समाजाच्या रूढीने अर्थ प्राप्त झालेले चिन्ह.
आर्ष रूप : प्रचारातून गेलेले, पण विशिष्ट परिणामासाठी पुन्हा वापरलेले रूप.
स्मृतीविना स्मरणरंजन : स्वतः न अनुभवलेल्या काळाविषयी वाटणारी ओढ.

४.६ ‘आपली प्रगती तपासा’ : उत्तरसूचना

१. (अ) उच्च माध्यमिक शाळेतील दिवस. (आ) पहिले दाणे यंत्राच्या मर्यादेतून येतात, म्हणून निर्देशक. दुसरे जुनेपणाचा अर्थ देण्यासाठी निवडलेले असतात, म्हणून प्रतीक.

२. (अ) एका पिढीस ते जुन्या छायाचित्राची सजावट वाटते. दुसरीस मे १९९८ मधील घटना आठवतात. (आ) त्या वेळी कोणाही मुलीची हिजाब घालण्याची इच्छा नव्हती, हे अनुमान.

४.७ स्वाध्याय

१. ‘दोषाची शैली होते’ हे विधान छायाचित्र व भाषा या दोन्ही क्षेत्रांतील उदाहरणे देऊन स्पष्ट करा. (३०० शब्द)

२. समान गणवेशामुळे छायाचित्राच्या अर्थावर होणारा परिणाम सांगा. (१५० शब्द)

३. उपक्रम : आपल्या घरातील किंवा परिचितांकडील एक जुने शालेय छायाचित्र घ्या. त्यात काय दिसते, ते प्रथम दहा ओळींत लिहा. नंतर त्या वेळी वर्गात असूनही छायाचित्रात नसलेल्या, किंवा वर्गापर्यंत पोहोचूच न शकलेल्या एका व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा. आपणाकडे असे छायाचित्र नसल्यास, ते का नाही, याविषयी वीस ओळी लिहा. हे लेखनही पहिल्याइतकेच पूर्ण उत्तर मानले जाईल.